शिंगराच्या बदल्यात कोकरू

माझ्या वाट्याचे एक टोपणनाव तेहेतीस वर्षे दुसरा माणूस वागवीत होता, आणि मला ते ठाऊक होते. एवढे एक वाक्य कागदावर उतरवायला मला चार दिवस लागले. मी जाफराबादच्या एका शाळेत शिक्षक आहे. माझे मूळ गाव हसनाबादच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहे. तिथे आम्हा ख्रिस्ती लोकांची पंधरा-सोळा घरे आणि एक लहानसे चर्च आहे, त्याला आम्ही देऊळच म्हणतो. त्या मंडळीचा मी अनेक वर्षे सचिव होतो. महिन्यातून एकदा पाळकसाहेबांना दुसऱ्या गावी जावे लागे, तेव्हा उपदेशालाही मीच उभा राहत असे. लोक म्हणत, सरांचा हातखंडा विषय एकच, मोबदला. जुन्या करारात एकाच्या जागी दुसरा कसा उभा राहतो, एकाचा जीव दुसऱ्याच्या जिवाने कसा सोडवला जातो, हे सांगताना माझा आवाज भरून येई. तो का भरून येतो, हे कोणी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही.

मी वीस वर्षांचा असतानाची गोष्ट आहे. अध्यापक विद्यालयात माझा नंबर लागला होता आणि आठ दिवसांत मला जालन्याला जायचे होते. वडील नव्हते. माझ्या आत्याचा मुलगा शांतवन माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो गावची गुरे राखी. सकाळी घरोघरची गुरे सोडवून रानात न्यायची, दिवेलागणीला परत आणून ज्याच्या त्याच्या दावणीला लावायची, हे त्याचे काम. गावाचा त्याच्यावर असा भरवसा होता की बायका गुरांना त्याच्या मागे सोडून दार लोटून घेत. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. ज्वारी गुडघ्यापर्यंत येऊन कोमेजली होती. अशी कोमेजलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली की त्याला विषबाधा होते. आमच्याकडे त्याला किराळ लागणे म्हणतात. शेतकऱ्याच्या घरातले लहान लेकरूही हे जाणते, आणि मीही जाणत होतो.

त्या दुपारी शांतवनदादा आत्याला भोकरदनच्या दवाखान्यात दाखवायला नेणार होता. तिला तीन दिवस ताप होता. त्याने गुरे माझ्या हवाली केली. "लहान्या, ज्वारीच्या बाजूला बस," असे त्याने दोनदा बजावले. मी बसलोही. माझ्या हातात शास्त्र, म्हणजे बायबल होते, कारण त्या रविवारी मला मंडळीपुढे एक उतारा तोंडपाठ म्हणून दाखवायचा होता. अब्राहाम आपल्या मुलाचा यज्ञ करायला डोंगरावर जातो आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका त्याला मुलाऐवजी मिळतो, तो उतारा. निंबाखाली वारा चांगला होता. पुस्तक छातीवर ठेवून मी डोळे मिटून पाठ म्हणू लागलो आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा तीन जनावरे ज्वारीत होती. दोन हाकलता आली. तिसरी कौसाबाईंची गाय. ती बांधापर्यंत आली आणि पुढचे पाय दुमडून खाली बसली. पुन्हा ती उठली नाही. कौसाबाई एकट्या बाई होत्या, आणि त्यांच्या दावणीला तेवढे एकच जनावर होते. मी घाबरून ओढ्याकडे पळत सुटलो. समोरून शांतवनदादा येत होता, आत्याला घरी सोडून तो सरळ गुरांकडेच निघाला होता. त्याने माझे तोंड पाहिले, मग हातातले पुस्तक पाहिले. मी काही बोलण्याआधीच त्याने ओळखले.

"किती?"

"एक. कौसाबाईची."

त्याने माझा खांदा धरला. मग म्हणाला, "तू घरी जाय. पुस्तक संगं ने. तू इथं आल्ताच न्हाई."

"दादा, पण..."

"दाखला घ्यायचाय ना तुला सरपंचाकून? मंग जाय जल्दी."

प्रवेशासाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागत असे, आणि तो दुसऱ्या दिवशी मिळायचा होता. मी घरी गेलो. संध्याकाळी चावडीपुढे माणसे जमली. मी मागे, भिंतीला टेकून उभा होतो. कोणी त्याच्यावर हात उगारला नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसते विचारले, कसे झाले. आई आजारी होती, मी दवाखान्यात गेलो होतो, एवढे खरे जरी तो बोलला असता तरी लोकांनी समजून घेतले असते. पण मग गुरांजवळ कोण होते, हा प्रश्न आला असता. म्हणून तो म्हणाला, "मीच व्हतो. डोळा लागला माझा." दुसऱ्या दिवशी मला दाखला मिळाला. आणि त्याच दिवशी कोणीतरी त्याला पहिल्यांदा 'झोप्या' म्हटले.

त्यानंतर गावाने त्याच्या हाती गुरे दिली नाहीत. वर्षभराने तो जालन्याला गेला आणि तिथल्या लोखंडाच्या एका कारखान्यात भट्टीजवळ कामाला लागला. नाव मात्र गावात राहिले आणि वाढत गेले. त्याच्या लग्नात ते नाव निघाले. त्याची मुलगी सुट्टीत आली की 'झोप्याची पोरगी' म्हणून ओळखली जाई. आत्याला खरे माहीत होते. मी भेटायला गेलो की ती चहा देई, पाठीवरून हात फिरवी आणि प्रत्येक वेळी विचारी, "झोप लागती ना बाळा नीट?" त्यात माया होती की टोचणी, हे ती गेली तरी मला कळले नाही. बहुधा मायाच असावी. मला ती मायाही सोसत नसे.

आणि मी उपदेश करीत राहिलो. यहूदाची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन. धाकटा भाऊ बन्यामीन मिसर देशात गुलाम म्हणून अडकणार असे दिसते, तेव्हा यहूदा पुढे होऊन म्हणतो की त्याच्याऐवजी मला ठेवून घ्या, पोराला बापाकडे जाऊ द्या. प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापे डोक्यावर घेऊन रानात जाणाऱ्या बकऱ्याविषयी मी बोलत असे. नातलगाला सोडवण्याचा हक्क आणि कर्तव्य सर्वांत जवळच्या नातलगाचे असते, ही इस्राएलाची जुनी रीत मी समजावून देत असे. यहूदी बांधव ही वचने त्यांच्या रीतीने वाचतात आणि ती आधी त्यांची आहेत. आम्हा ख्रिस्ती लोकांना मात्र त्या प्रत्येक एडक्यामागे, प्रत्येक कोकरामागे प्रभू येशूचा वधस्तंभ दिसतो. हे सारे मी मनापासून मानत होतो, आजही मानतो. पण माझा स्वतःचा यहूदा जालन्यात भट्टीपुढे घाम गाळीत होता, आणि मी बन्यामीन घरी पोचून सुखाने जेवत होतो. पोचल्यावर बन्यामीनने काय करावे, याविषयी मी कधीच उपदेश केला नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात हे सगळे वर आले. आमच्या देवळाच्या आवाराला राखणदार हवा होता. आवारात एक खोली आहे आणि मागे दफनभूमी. शांतवनदादाचा अर्ज आला. आता तो एकोणसाठचा आहे. वहिनी वारल्या, मुलगी सासरी, भट्टीच्या धुराने छाती धरलेली. अर्जात त्याने तीनच ओळी लिहिल्या होत्या. शेवटची अशी, की आईबापांच्या कबरी इथे आहेत, त्यांच्याजवळ राहता येईल. प्रार्थना झाल्यावर पंच बसले. मी सचिव म्हणून अर्ज वाचून दाखवला. आमच्यातले एक वडीलधारे पंच स्वभावाने गमत्ये आहेत. ते म्हणाले, "झोप्याच्या हाती राखण? मंग असं करा, चोरासाठी चहाचा थर्मास बी भरून ठेवा. त्याला ताटकळायला नको."

सगळे हसले. मीही हसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित आजही गप्प राहिलो असतो. पण इतिवृत्त मीच लिहीत होतो. माझ्या वळणदार अक्षरात मी लिहिले, "अर्जदाराच्या पूर्वीच्या जबाबदारीविषयीचा अनुभव लक्षात घेता पुढील रविवारी निर्णय व्हावा." लिहून झाल्यावर मी ते वाक्य पुन्हा वाचले. माझी चूक मी त्याच्या नावावर स्वतःच्या हाताने नोंदवली होती. विसाव्या वर्षी भीतीने गप्प राहिलो, असे मी स्वतःला समजावत आलो होतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कोणाची भीती होती?

पुढच्या रविवारी उपदेशही माझ्याकडेच होता. आठवडाभर मी शास्त्र उघडून बसलो. प्रथम जन्मलेल्यांच्या सोडवणुकीविषयीचा भाग निवडला होता. मिसरातून सुटल्यावर इस्राएलाला आज्ञा होते की पहिला जन्मलेला प्रत्येक नर परमेश्वराचा. गाईचे, मेंढीचे पहिले वत्स अर्पण करायचे. मध्येच एक गाढवाचा नियम येतो, ज्यावरून मी दरवेळी घाईने पुढे जात असे. गाढव अशुद्ध पशू, त्याचे अर्पण चालत नाही. म्हणून गाढवाच्या पहिल्या शिंगराच्या बदल्यात एक कोकरू द्यायचे आणि शिंगराला सोडवून घ्यायचे. सोडवायचे नसेल तर त्याची मान मोडायची. यंदा मी तिथे अडलो. आजवर मी स्वतःला अब्राहामाच्या इसहाकाच्या जागी पाहिले होते, बापाच्या लाडक्या, निष्पाप मुलाच्या जागी. गाढवाच्या जागी पाहिले नव्हते. कोकरात खोट नाही, शिंगरात कसली थोरवी नाही, तरी कोकरू जाते आणि शिंगरू कान हलवीत चरायला मोकळे होते. आपल्या बदल्यात काय दिले गेले, हे त्याच्या गावीही नसते. मला मात्र सर्व माहीत होते. म्हणजे मी त्या शिंगराहूनही खालचा ठरलो.

शनिवारी दुपारी मी मोटारसायकलने गावी निघालो. आठवडाभर झोप धड झाली नव्हती. ऊन चढले होते, डोक्यावर हेल्मेट, कानात एकसुरी वारा. भोकरदन मागे पडल्याचे मला आठवते. त्यानंतरचे आठवते ते एवढेच की मी मातीत आडवा होतो, अंगावर हिरव्या नेटचा मांडव पडला होता आणि कोणीतरी माझे हेल्मेट हळूच काढीत होते. रस्त्याकडेच्या रसवंतीच्या मांडवाचे दोन बांबू मी आडवे केले होते. देवाच्या कृपेने मांडवाखाली त्या वेळी कोणी बसलेले नव्हते. माझा कोपर सोलला होता आणि मनगट सुजत चालले होते.

हेल्मेट काढणारा माणूस साठीच्या पुढचा, विटांच्या भुकटीने लाल झालेला. जवळच्या भट्टीवरून तो विटा वाहून नेत होता. त्याची चार गाढवे रस्त्याच्या कडेला थांबली होती, एकीला बिलगून एक शिंगरू उभे होते. रसवंतीवाल्या बाई मशीन बंद करून धावत आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग मोडलेल्या बांबूंकडे, आणि शेवटी त्या माणसाकडे.

"कव्हापासून सांगून राह्यले मी, तुमचे गाढवं रस्त्याच्या खाली ठेवा. आडवं गेलं ना आज? मास्तरसारखा माणूस दिसतो, जीव गेला असता बिचाऱ्याचा."

तो माणूस माझ्याकडे न पाहता म्हणाला, "चुकलं बाई. शिंगरू आडवं गेलं. लहान हाये, समजत न्हाई त्याला. बांबू मी उभे करून देतो, बिलकुल पहिल्यावाणी."

शिंगरू आडवे आले नव्हते. गाढवे माझ्या पुष्कळ पुढे, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला होती. त्याने सारे पाहिले होते. शर्टाच्या खिशाला पेन लावलेल्या एका परक्या माणसाची भरदुपारी शोभा होऊ नये, एवढ्यासाठी त्याने दोष आपल्या गाढवावर घेतला होता. बाईंनी माझ्या डोक्यावर पाणी ओतले. मला फक्त गप्प बसायचे होते. ते मला चांगले जमत होते, तेहेतीस वर्षांचा सराव होता. पाणी कानामागून मानेवर आले तेवढा वेळ मी गप्प बसलोही.

मग मी म्हणालो, "न्हाई बाई. त्यांचं गाढव आडवं आलं न्हाई. माझा डोळा लागला."

हे शब्द मी आयुष्यात प्रथमच उच्चारले. चावडीपुढे दादा जे बोलला होता, तेच शब्द. बाई थोड्या गोंधळल्या. तो माणूस हसला आणि आपला गमछा फाडून माझ्या मनगटाला बांधू लागला.

"बोलायची काय गरज व्हती, सर? गाढवाला बोल लावला तर त्याचं काय जातं? त्याला रोजच कोणी ना कोणी बोलतं."

"तुमचं जातं ना," मी म्हणालो.

"माझं बी काय जात न्हाई. ह्या बाईचा आन् माझा रोजचाच हिशेब हाये. एक दिस ती भांडली न्हाई तर मला रस गोड लागत न्हाई."

"फुकट पितो तो रस, गोड लागंलच," बाई म्हणाल्या, पण एक ग्लास त्याला आणि एक मला आणून दिला. दोघांनी मिळून मांडव उभा केला. मी एका हाताने जमेल तेवढे धरले. निघताना शिंगराने माझ्या बाहीला नाक लावले. बोलायचे म्हणून मी विचारले, "किती दिवसांचं आहे?"

"दीड महिना व्हईल. पयलंच हाये तिचं."

पहिलेच. त्या रस्त्याने भट्टीची गाढवे रोज जातात आणि त्यातल्या एखादीचे शिंगरू पहिले असणारच, हे मला कळते. याला चमत्कार म्हणा, असे मी कोणाला सांगणार नाही. एवढेच सांगतो की त्या माणसाचे नाव विचारायचे मला सुचले नाही. नंतर दोनदा मी त्या भट्टीवर गेलो, तेव्हा विटा संपल्यामुळे ते लोक दुसरीकडे निघून गेले होते. बाईंनाही त्याचे नाव ठाऊक नव्हते. त्या त्याला गाढववाले बाबा म्हणत.

देवापुढे मी हे पाप अनेकदा कबूल केले होते, आणि प्रत्येक वेळी मला हलके वाटे. त्या हलकेपणाचा आता मला संशय येऊ लागला. बंद दाराआड कबुली दिली की माझी सुटका होई, पण दादाचे नाव होते तिथेच अडकून राही. प्रभूने माझ्याऐवजी मरण सोसले, त्याची परतफेड मी करू शकत नाही आणि तो ती मागतही नाही. पण दादाने माझ्याऐवजी जे सोसले ते उतरवून घेणे माझ्या हातात होते. ते मी करीत नव्हतो आणि वर कृपेची गाणी गात होतो. शरण जाणे म्हणजे गुडघे टेकणे, अशी माझी समजूत होती. रसवंतीपुढच्या मातीत बसून मला उमगले की माझ्यापुरते शरण जाणे म्हणजे आपल्या नावाला आपणच हजर म्हणणे.

पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो. शांतवनदादा आता देवळाच्या आवारातल्या खोलीत राहतो. सकाळी झाडलोट करतो, आत्याच्या कबरीजवळ त्याने चाफा लावला आहे. मी सचिवपद सोडले. मंडळीतली काही माणसे माझ्याशी तुटक वागतात आणि त्यांचे बरोबर आहे. कौसाबाई हयात नाहीत, त्यांची क्षमा मागायची वेळ मी दवडली, आणि ते ओझे मला असेच न्यावे लागेल. जुन्या सवयीने कोणाच्या तोंडून अजून 'झोप्या' निघते. तेव्हा दादा माझ्याकडे बोट करून म्हणतो, "तिकडं बघून बोला." हे तो हसून म्हणतो, आणि मला ते ऐकायला बरे वाटते. इतके दिवस माझ्यासाठी राखून ठेवलेली वस्तू माझ्या हाती आली, यासाठी मी देवाचे आभार मानतो.

तर त्या रविवारी दादा निर्णय ऐकायला आला होता. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसला होता. मी गमछा बांधलेल्या हाताने शास्त्र उघडले, शिंगराचा आणि कोकराचा नियम वाचला, आणि टिपणाचे कागद मिटून खिशात ठेवले. मी म्हणालो की आज मला उपदेश करायचा नाही, आपल्या गावातली एक गोष्ट सांगायची आहे, कौसाबाईंच्या गाईची. तेवढ्यानेच त्याला कळले. तो उभा राहिला.

"सर, राहू द्या ना आता," तो मागून म्हणाला. "जुनं झालं ते. उपदेश करा तुम्ही."

मी मास्तर झाल्यापासून तो मला सरच म्हणतो. चौथऱ्यावरून खाली उतरून मी मधल्या वाटेने त्याच्या बाकापर्यंत गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो, पण बोललो त्याच्याशी.

"दादा, त्या दिवशी गुरांजवळ तू नव्हता, मी व्हतो. निंबाखाली झोपलो मी. कौसाबाईची गाय माझ्यामुळं गेली, आन् नाव तुझं गेलं. तेहेतीस वर्षं मी ते तुला वागवू दिलं. तुझ्या लेकीला बी वागवू दिलं. मागच्या रविवारी इथं बसून मी तुझ्यावर हसलो. माझं चुकलं, दादा. मला माफ कर."